बस हद्दीवर थांबते तेव्हा : नळदुर्ग ते धर्माबाद, पाच दिवस

मराठवाड्याच्या दक्षिणेच्या कडेनं फिरताना सीमा नजरेत भरत नाही. पाटीवरची लिपी बदलते एवढंच. तूर तीच, ज्वारी तीच, आणि टपरीवर बसलेली माणसं मराठी-कन्नड दोन्ही सारख्याच सहजपणे बोलतात. पण अधूनमधून ही रेघ टोचायला लागते. बेळगावजवळ नाहीतर चित्रदुर्गला एखाद्या गाडीवर दगड पडतो आणि शेकडो किलोमीटरवरच्या उमरग्यात बसवकल्याणची बस बंद होते. त्या बसमध्ये डायलिसिसला निघालेला माणूस असतो, सातव्या महिन्यात माहेरी आणलेली लेक असते, टीबीच्या गोळ्या आणायला निघालेला मजूर असतो. दवाखाना आपल्या जागेवरच असतो, पण पोचायला लागणारा वेळ एका रात्रीत दुप्पट होतो. तो वेळ कुठं कुठं जातो आणि लोक त्यातून वाट कशी काढतात, ते बघत येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या आठवड्यात केलेल्या फेरीच्या या नोंदी.

पहिला दिवस : सोलापूर, नळदुर्ग, उमरगा

सोलापूर सोडलं तेव्हा हैदराबाद रस्त्यावर धुकं होतं. नळदुर्गला पोचेपर्यंत ऊन आलं, पण वारा बोचरा होता. किल्ल्यातला पाणीमहाल या दिवसांत निवांत बघता येतो. नर-मादी धबधबे मात्र पावसाळ्यातच बघावेत, डिसेंबरात त्यांच्यासाठी वाट वाकडी करू नये.

किल्ल्याजवळून वाहणाऱ्या बोरी नदीवरच्या पुलाला इतिहासात जागा आहे. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरल्या त्या याच वाटेनं. पूल उडवला जाण्याआधीच हाती लागला, म्हणून पुढं जळकोट, उमरगा, राजेश्वर, जहिराबाद असा हैदराबादचा रस्ता मोकळा झाला. त्याआधीचं वर्षभर या पट्ट्यात रझाकारांची दहशत होती, हद्दीपलीकडच्या कॅम्पांतून स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांच्या चढाया होत्या, आणि गावंच्या गावं सोलापूर-बार्शीकडे निघाली होती. या फौजी मोहिमेनंतर (तिलाच पोलीस कारवाई म्हणतात) मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं, त्याची पाहणी करायला पंडित सुंदरलाल यांची समिती आली. तिनं सर्वांत जास्त झळ बसलेले जिल्हे सांगितले ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. म्हणजे आजच्या तीन राज्यांच्या सांध्यावरचा हाच पट्टा.

हे इथं सांगायचं कारण आहे. जळकोटला चहा घेताना एक आजोबा म्हणाले, "हद्दीवर गडबड झाली की आमचा बाप सांगायचा, दोन दिवस घराबाहेर पडू नका. आता लेकरंबी तेच करतेत." बाळंतिणींच्या मृत्यूंचा अभ्यास करणारे तीन उशीर मानतात: दवाखान्यात जायचं ठरवण्यात झालेला, वाटेतला, आणि दवाखान्यात पोचल्यावर उपचार मिळेपर्यंतचा. दगडफेकीच्या बातमीनं पहिला उशीर वाढतो. रस्ता चालू असला तरी माणूस घरीच थांबतो. ताप आहे, उतरेल. पोट दुखतंय, सकाळी बघू. मोबाइलवर जुना व्हिडिओ नव्या तारखेनं फिरला तरी तेवढं पुरतं. त्यामुळं गावात कोणी आजारी असेल तर ऐकीव बातमीवर थांबू नये. आगाराच्या चौकशी खिडकीला नाहीतर ओळखीच्या वाहकाला फोन लावावा. कुठली फेरी सुटली आणि कुठून परत फिरली, हे त्याला पोलिसांच्याही आधी कळतं.

रात्रीचा मुक्काम उमरग्यात. कडक भाकरी, शेंगाचटणी, शेवभाजी. बाहेर थंडी एवढी की भाकरी ताटात पडेपर्यंत निवत होती.

दुसरा दिवस : उमरगा, तुरोरी, बसवकल्याणची वाट

उमरग्याला रेल्वे नाही, आणि इथलं सगळं दुखणं या एका गोष्टीपाशी येऊन थांबतं. मोठ्या उपचारासाठी सोलापूर साधारण शंभर किलोमीटर, लातूर त्याहून जवळ, पलीकडे आळंदवरून कलबुर्गी. तिन्ही दिशांना डांबरी सडकच. पलीकडच्या बसवकल्याण तालुक्यातल्या गावांनाही उमरगा आणि सोलापूर सोयीचं पडतं. त्यामुळं रुग्णांची ये-जा दोन्हीकडून आहे, आणि सडक बंद झाली की अडचणही दोन्हीकडे.

अलीकडच्या तीन खेपा इथल्या लोकांना तोंडपाठ आहेत. २०२२ च्या नोव्हेंबरात दौंडला कर्नाटकच्या बसला काळं फासलं गेलं, ६ डिसेंबरला बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकवर दगड पडले आणि एसटीच्या कर्नाटकातल्या फेऱ्या थांबल्या. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर आरक्षण आंदोलनाच्या दिवसांत तुरोरीजवळच कर्नाटकची बस पेटली. तो वाद दोन राज्यांचा नव्हता, तरी कर्नाटकच्या गाड्या यायच्या थांबल्या. २०२५ च्या फेब्रुवारीत बेळगावात कन्नड वाहकाला मारहाण झाली, मग चित्रदुर्गजवळ एसटीच्या चालकाला मारून काळं फासलं गेलं, आणि पुन्हा फेऱ्या बंद.

बंद म्हणजे काय होतं ते स्टँडवरच्या एका वाहकानं नीट सांगितलं. गाड्या पूर्ण थांबत नाहीत. आपली गाडी आपल्या हद्दीतल्या शेवटच्या गावापर्यंत जाऊन परत फिरते, तिकडची तिकडं. मधला तुकडा उरतो. कधी दोन किलोमीटर, कधी सहा. तो पायी, मोटारसायकलवर, नाहीतर मिळेल त्या जीपनं काढायचा. धडधाकट माणसाला हे चालतं. "पण डायलिसिसवाले असतेत ना, त्यांना अर्धा किलोमीटर चाललं की दम लागतो. त्यांचा दिवस आम्हाला माहीत असतो. मंगळवार-शुक्रवारवाला दिसला नाही की कळतं, अडकला."

डायलिसिस बहुतेकांचं आठवड्यातून दोनदा होतं. तीनदा व्हायला पाहिजे, पण लांबून येणाऱ्याला ते जमत नाही. एका वेळी चार तास मशीनवर. आठवड्याला दोन खेपा असलेल्याची एक जरी चुकली तरी मधलं अंतर आठवडाभराचं होतं. पाणी अंगात साचतं, फुफ्फुसात उतरतं, आणि रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडतात. पोटॅशियम वाढलेलं आधी कळत नाही, म्हणून ते जास्त घातक.

खेप चुकणार असं दिसलं की त्याच तासापासून घरात बंधनं पाळायची. ज्याची लघवी जवळपास बंद आहे त्यानं दिवसाचं पाणी, चहा, ताक, सगळं मिळून अर्ध्या लिटरच्या आसपास ठेवायचं. तेवढं एका बाटलीत सकाळी भरून ठेवलं की हिशेब चुकत नाही. केळी, नारळपाणी, मोसंबी, टोमॅटो, बटाटा, पालेभाजी, डाळीचं घट्ट वरण आणि शेंगदाणे बंद. पांढरा भात, साखर, थोडी बिनमिठाची भाकरी चालते. भाजी करायचीच तर बारीक चिरून भरपूर पाण्यात भिजवून ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात शिजवायची आणि तेही पाणी ओतून द्यायचं. एक चूक घरोघर होते. बीपीवाल्यांसाठी दुकानात कमी सोडियमचं मीठ मिळतं, तेच किडनीच्या रुग्णाला चांगलं समजून दिलं जातं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, म्हणून या रुग्णाला ते विषासारखं. आडवं झाल्यावर दम लागणं, पायातली ताकद एकदम जाणं, छातीत धडधड होऊन मध्येच ठोका चुकणं, यातलं एकही दिसलं तर बसची वाट बघायची नाही. जवळच्या ज्या दवाखान्यात ईसीजी निघतो तिथं आधी जायचं, मग डायलिसिसचं केंद्र शोधायचं. नेहमीचं केंद्र गाठायच्या नादात माणूस वाटेत जातो.

दुपारी तुरोरीच्या पुढं रस्त्याकडेला ऊस भरायचं काम चाललं होतं. हुरड्याची पहिली कणसंही आली होती, पण भाजायला अजून आठवडा तरी आहे असं शेतमालकानं सांगितलं.

दगडफेकीत बसमधल्या माणसाला सगळ्यात जास्त धोका काचेचा. डोळ्यात बारीक चुरा गेला असेल आणि डोळा उघडता येत असेल, तर चोळू न देता स्वच्छ पाण्याची धार धरायची. पण डोळ्यात काच रुतलेली दिसत असेल, बुबुळ वेडंवाकडं दिसत असेल किंवा डोळ्यातून पाण्यासारखं काही ओघळत असेल, तर पाणी नाही, थेंब नाहीत, बोटही लावायचं नाही. चहाचा कागदी कप घ्यायचा, त्याचं तोंड डोळ्याभोवतीच्या हाडावर टेकेल असा उपडा ठेवायचा आणि कडेनं चिकटपट्टी लावायची. डोळ्यावर दाब येता कामा नये, एवढ्यासाठीच कप. गॉझची घडी दाबून बांधली तर बुबुळातलं पाणी बाहेर येतं आणि दृष्टी जाते. डोक्यात किंवा मानेत काच रुतली असेल तर ती उपसायची नाही. तिच्या दोन्ही बाजूंनी कापडाच्या वळकट्या ठेवून बांधायचं.

अशा जखमेला "पोलीस केस आहे, आधी तिकडं जा" म्हणून कुठलाही दवाखाना परत पाठवू शकत नाही. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलेलं आहे: आधी जीव, मग कागद. घटना पलीकडच्या राज्यात घडली असली तरी तक्रार इथल्या ठाण्यात झिरो एफआयआर म्हणून नोंदवता येते. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात तसं कलमच आहे.

तिसरा दिवस : औराद शहाजनी, येळवस

येळवशीला म्हणजे वेळ अमावास्येला लातूर-धाराशिवची गावं रिकामी असतात. सगळी माणसं रानात. कडब्याची खोप, तिच्यात पाच दगडांचे पांडव, समोर आंबिलीचं मडकं. वाटसरूला हाक मारून बसवायचं हा रिवाज आहे, त्यामुळं जेवायची सोय बघावी लागत नाही. पलीकडे भालकी-बसवकल्याणकडेही हाच सण याच दिवशी. आंबील शिंपडताना म्हणायचे "ओलगे ओलगे सालम पलगे" हे शब्दच मुळात कानडी वळणाचे. या दिवशी मांजरा नदीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या रानात उभं राहून सीमा दाखवा म्हटलं तर दाखवता यायची नाही.

औराद शहाजनीजवळ तेरणा मांजरेला मिळते. सप्टेंबरच्या पुराच्या खुणा काठावरच्या बाभळींवर अजून दिसत होत्या, माणसाच्या उंचीवर अडकलेला पाचोळा.

ज्या खोपीत बसवलं तिथल्या घरची सून आशाताई, म्हणजे गावची आशा कार्यकर्ती. पत्रावळीत बाजरीचे उंडे, भज्जी, भरीत, शेंगापोळी, खीर. भज्जीत तुरीचे सोले, हरभरा, वाटाणा, भुईमूग, मेथी, पालक, चिंच, बेसन, एकूण रानातलं जे जे हिरवं ते सगळं. चव अशी की दुसऱ्यांदा वाढायला कोणी नको म्हणत नाही. शेजारच्या खोपीतल्या एका काकांच्या ताटात मात्र नुसता भात आणि चमचाभर भज्जी. त्यांचा डायलिसिसचा दिवस दुसऱ्या दिवशी होता. आशाताईंनीच वाढलं होतं आणि आंबिलीचा पेला बाजूला सरकवून ठेवला होता.

जेवणानंतर त्यांनी डायरी दाखवली. निळ्या पुठ्ठ्याची, पानाच्या मधोमध पेननं मारलेली उभी रेघ. डावीकडं गावातल्या गरोदर बायांची नावं, उजवीकडं "तिकडच्या". तिकडच्या म्हणजे भालकी, बसवकल्याण, औरादकडं दिलेल्या लेकी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या. प्रत्येकीपुढं सासरच्या गावच्या आशाचा मोबाइल नंबर. काही नावांपुढं कन्नडमध्ये दोन अक्षरं, तिकडच्या आशानं स्वतःच्या हातानं लिहिलेली. "ती मराठी बोलती, मी कानडी बोलते. गाडी बंद पडली तरी फोन लागतोच की."

माहेरचं बाळंतपण हा या पट्ट्यातला सीमा ओलांडण्याचा सर्वांत मोठा प्रसंग, आणि कागदपत्रांत सगळ्यात जास्त घोळही इथंच. कर्नाटकात गरोदर बाईला थायी कार्ड मिळतं, आपल्याकडं माता-बाल संरक्षण कार्ड. लेक सातव्या महिन्यात येते तेव्हा कार्ड सासरीच राहतं, कारण "तिकडचं कार्ड इकडं काय कामाचं" असं वाटतं. मग उपकेंद्रात नव्यानं नोंद होते, आधीच्या तपासण्या कुठंच दिसत नाहीत, आणि ऐनवेळी रक्तगट कुणाला माहीत नसतो. आशाताई म्हणूनच सातवा लागायच्या आधी फोन करून सांगतात: थायी कार्ड, सोनोग्राफीचे मूळ रिपोर्ट, रक्तगट आणि हिमोग्लोबिनची चिठ्ठी, आधार, लेकीच्या स्वतःच्या नावाचं बँक पासबुक. आणि गोळ्या. लोहाच्या १८० आणि कॅल्शियमच्या ३६० गोळ्या गरोदरपणात पोटात जायच्या असतात. आल्या दिवशी उरलेल्या मोजायच्या आणि तुटवडा उपकेंद्रातून भरून काढायचा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते, तीत एकदा तरी डॉक्टरच्या नजरेखालून लेक गेलीच पाहिजे.

बाळ जन्मल्यावर २१ दिवसांत जन्माची नोंद, आणि ती जिथं जन्मलं तिथंच. सासरच्या ग्रामपंचायतीत नंतर करू म्हटलं की वर्षभर फेऱ्या. जन्माच्या वेळच्या लसी, बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि २४ तासांच्या आत कावीळ बी, इथं होतात. सहाव्या आठवड्याची बहुधा इथंच. दहाव्या-चौदाव्या आठवड्याला लेक सासरी परतलेली असते आणि तिथल्या नर्सबाईच्या यादीत बाळाचं नावच नसतं. यू-विन या लसीकरणाच्या ऑनलाइन नोंदीत नाव असलं तर दुसऱ्या राज्यातही दिसते, पण जन्मावेळी दिलेला मोबाइल नंबर चालू पाहिजे. माहेरच्या भावाचा नंबर दिला की सगळं त्याच्या फोनमध्ये अडकतं.

बस बंद असताना कळा सुरू झाल्या तर काय, हे आशाताईंच्या डायरीत शेवटच्या पानावर आहे. दोन जीपवाले, एक इकडचा, एक तिकडचा. तणावाच्या दिवसांत एमएच पाटीची गाडी तिकडं न्यायला आणि केए पाटीची इकडं आणायला चालक कचरतात. म्हणून केएची जीप हद्दीपर्यंत, तिथून एमएचची. बाईला उचलून एका गाडीतून दुसरीत घ्यायचं. जाड सतरंजी आणि चार माणसं लागतात. अंगावरून रक्त जात असेल तर पाय वर, अंगावर पांघरूण, आणि गाडी बदलण्यात पाच मिनिटांवर वेळ घालवायचा नाही.

इथं एक घोटाळा जिवावर येऊ शकतो. औराद दोन आहेत. एक लातूर जिल्ह्यातलं औराद शहाजनी, दुसरं बिदर जिल्ह्यातलं औराद, तालुक्याचं गाव. घाबरलेला माणूस फोनवर नुसतं "औराद" म्हणतो. रुग्णवाहिका बोलवताना आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग जवळची खूण, याच क्रमानं सांगावं. दारावर खडूनं लिहून ठेवलं तर घरातलं लेकरूही वाचून सांगू शकतं.

संध्याकाळी गव्हाच्या रानातून हेंडगा (कडब्याची पेटती पेंढी) फिरवताना आशाताईंनी मुलांना बूट घालायला लावले. तुरीच्या पेंढ्यांखाली साप असतो. चावलाच तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, मांत्रिकाकडं जायचं नाही. हात-पाय फळीला सैलसर बांधून हलू द्यायचा नाही, अंगठ्या-कडी काढायची आणि निघायचं. प्राथमिक आरोग्य केंद्रात एक साधी तपासणी होते. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिली रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं, मग एकदाच कलतं करायचं. रक्त पातळच राहिलं तर घोणस किंवा फुरशाचं विष गोठण्याची क्रिया बिघडवतंय. नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणानं धुतलेली असेल तर निकाल चुकतो. नाग-मण्याराच्या विषात मात्र रक्त गोठतं आणि पापण्या जड होतात, तेव्हा नळीवर न थांबता डोळे बघायचे. विष चढल्याची खूण दिसली की प्रतिविषाच्या पहिल्या १० कुप्या साधारण तासाभरात, लेकरालाही तेवढ्याच, कारण साप लेकराला विष कमी देत नाही. पुढची तपासणी सहा तासांनी, आणि रक्त तेव्हाही पातळ असेल तर पुन्हा कुप्या. छोट्या केंद्रात त्या बहुधा उरलेल्या नसतात. म्हणून रस्ता बंद असेल तर पहिला डोस चालू होताच पुढच्या दवाखान्याची आणि गाडीची जुळवाजुळव करायची. सहा तास खूप वाटतात, पण हद्दीवर गाडी बदलण्यात त्यातले दोन सहज जातात.

चौथा दिवस : उदगीर, कमालनगर, बिदर

उदगीर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होतं. भाषावार प्रांतरचना झाली, उदगीर, निलंगा, अहमदपूर इकडं आले, बिदर तिकडं गेलं, पण दवाखान्याची सवय राहिली. या फेरीतला सगळ्यात कामाचा शोध उदगीरलाच लागला, आणि तो अगदी साधा आहे: रेल्वे. बस बंद असतात तेव्हाही उदगीर, कमालनगर, भालकी, बिदर ही लाइन चालू असते. २०२५ च्या फेब्रुवारीत बिदरला उपचार घेणारे कित्येक जण या गाडीनं गेले असं स्टेशनावरच्या चहावाल्यानं सांगितलं. गाड्या थोड्या आहेत, वेळा गैरसोयीच्या आहेत, म्हणून पुढची तारीख घेतानाच डॉक्टरांना गाडीची वेळ सांगून तपासणीची वेळ मागून घ्यावी. ओपीडीवाले बहुधा ऐकतात.

डब्यात शेजारी कमालनगरचं एक जोडपं होतं. त्यांच्याकडं दोन्ही राज्यांची कागदपत्रं एका प्लास्टिकच्या पिशवीत, रबर लावून. इथंच तिसरा उशीर सुरू होतो, दवाखान्याच्या काउंटरवर.

महाराष्ट्राची महात्मा फुले जनआरोग्य योजना, कर्नाटकची आरोग्य कर्नाटक, तेलंगणाची आरोग्यश्री या राज्यांच्या योजना आहेत. रेशनकार्ड ज्या राज्याचं, त्या राज्याची योजना. आयुष्मान भारतचं कार्ड मात्र देशात कुठंही, यादीतल्या दवाखान्यात चालतं. तेव्हा सीमेवरच्या घरानं दोन गोष्टी आजच कराव्यात. घरातल्या प्रत्येकाचं आयुष्मान कार्ड काढून त्याची छापील प्रत ठेवावी. आणि दवाखान्यात भरती होतानाच, बिल व्हायच्या आधी, योजनेच्या टेबलावरच्या आरोग्यमित्राला "दुसऱ्या राज्याचं कार्ड आहे, पोर्टेबिलिटीत घ्या" असं सांगावं. पैसे भरून झाल्यावर सांगितलं तर ते परत मिळत नाहीत. २०२३ साली महाराष्ट्रानं कर्नाटकातल्या, पण आपण हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषकांना फुले योजना देऊ केली, तेव्हा कर्नाटक सरकारनं जाहीर हरकत घेतली. दोन सरकारं एकाच रुग्णाच्या कार्डावरून भांडली, आणि त्या गावांतल्या आजारी माणसाला यातलं एवढंच कळतं की काउंटरवरचा माणूस थांबा म्हणतोय.

१०८ चं आणखी एक. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे, कर्नाटकात त्याआधीपासून. हद्दीवर मोबाइल पलीकडच्या टॉवरला लागलेला असेल तर फोन पलीकडच्या केंद्रात जातो. घाबरून फोन ठेवू नये. ज्यांनी उचलला त्यांनाच ठिकाण सांगावं. जवळची गाडी तिकडची असेल तर तीच लवकर येईल. १०८ च्या गाडीच्या चालकाला पायलट म्हणतात. तो फोनवर आला की रस्त्याची खरी अवस्था सांगावी: कुठं टायर जळतायत, कोणत्या गावातून वळसा आहे.

टीबीच्या रुग्णाकडं निक्षय क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीचा क्रमांक असतो. तो असला की दुसऱ्या राज्यातल्या सरकारी केंद्रातही गोळ्या मिळवून देता येतात, उपचार तोडायची गरज नाही. सहा महिन्यांच्या उपचारात आठवडाभराचा खाडा जंतूला औषध न मानायला शिकवतो. क्रमांक नुसता कार्डावर नको, पाठही करून ठेवायला सांगा. इन्शुलिनवाल्यांनी एक कुपी जादा ठेवावी. फ्रिज नसेल तर दोन मडक्यांच्या मध्ये ओली वाळू घालून आतल्या मडक्यात, सावलीत. उघडलेली कुपी साधारण चार आठवडे टिकते, पण मराठवाड्याच्या उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत एका दुपारी वाया जाते.

बिदरला झिरा साहेब गुरुद्वाऱ्यात लंगर बारा महिने चालू असतं. दवाखान्यात आलेल्यांचे नातेवाईक तिथं जेवतात, कुणी राज्य विचारत नाही. वरण, रोटी, खीर.

पाचवा दिवस : देगलूर, बिलोली, धर्माबाद

बिदरहून देगलूर, पुढं बिलोली, मग धर्माबाद. आता पलीकडं तेलंगण. इकडची ओढ निजामाबादकडं. २०१० च्या जुलैत गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्यावरून वाद पेटला, आंध्रचे नेते चंद्राबाबू नायडू यांना धर्माबादेत अडवून ठेवलं होतं. २०१८ साली याच तालुक्यातल्या काही गावांनी आम्हाला तेलंगणात घ्या अशी मागणी केली, आणि त्यामागं सोयीसुविधांची तक्रार होती. इथं मारामारीची आठवण उमरग्याइतकी ताजी नाही. त्यामुळं लोक रस्त्याला भीत नाहीत, आणि वेळेत निघतात. औषधाच्या दुकानात तेलुगूत लिहिलेली चिठ्ठी घेऊन आलेल्यांसाठी एकच सल्ला मिळाला: डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहून घ्या. कंपनीचं नाव राज्यागणिक बदलतं, मूळ नाव बदलत नाही.

धर्माबाद स्टेशनवर दुपारी ऊन होतं, सावलीत थंडी. निजामाबादकडची गाडी तासभर उशिरा. बाकावर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली एक आजी, डोळ्याला काळा चष्मा, मांडीवर कापडी पिशवी. सातव्या दिवसाच्या तपासणीला निघाल्या होत्या. सोबत नात, आठवी-नववीतली. दर दोन तासांनी थेंब टाकायचे होते, म्हणून तिनं मोबाइलवर गजर लावलेला. गजर वाजला तेव्हा पोरीनं आधी नळावर जाऊन हात धुतले, ओढणीला न पुसता वाऱ्यावर वाळू दिले, मग आजीला मान मागं टेकवायला सांगितली. खालची पापणी हलकेच ओढून एक थेंब, बाटलीचं टोक पापणीला न लावता. आजीनं डोळा मिटला. पाच मिनिटं मोजून दुसऱ्या बाटलीतला. तेवढ्यात गाडीची घोषणा झाली. पोरगी म्हणाली, "आजी, घाई नाही, गाडी यायला अजून वेळ आहे." तिनं झाकण घट्ट लावलं, बाटली रिपोर्टांच्या पिशवीत सरळ उभी ठेवली आणि आजीचा हात धरला.